रास लहान, रास मोठी, उतार एकच

हरमलच्या किनाऱ्यावर भरतीची ओली रेषा संपते, तिथून वरची वाळू दुपारपर्यंत अगदी कोरडी होते. त्या वाळूची एक मूठ भरून घ्यावी आणि एकाच जागी बारीक धारेने सोडावी. खाली एक चिमुकली रास उभी राहते. शेजारी तांब्याभर वाळूची दुसरी रास करावी, बादलीभर वाळूची तिसरी. माडाच्या हिराची काडी शेंड्यातून तळापर्यंत खुपसली की राशीची उंची कळते. मग तळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचा पसारा पट्टीने मोजावा. रास ४ सेंटिमीटर उंच असेल तर पसारा ६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, २० सेंटिमीटर उंच असेल तर ३० च्या आसपास. उंचीला पसाऱ्याने भागले की दर वेळी जवळपास तोच आकडा येतो, ०.६७. रास आणखी उभट करायला जावे, तर वाळू घसरते आणि पुन्हा त्याच उतारावर येऊन थांबते.

पेडण्याच्या मुलांना वाळू, तर डिचोलीच्या मुलांना खनिजाचे ढीग लहानपणापासून माहीत. टिपरने ओतलेला ढीग असो की अंगणात सुपातून ओतलेली भाताची रास, प्रत्येक जिन्नसाचा आपला असा एक उतार ठरलेला असतो. आकार वाढला तरी तो बदलत नाही.

राशीच्या कडेला एक काटकोन त्रिकोण उभा करून पाहा. उंची ही एक बाजू, पसारा ही दुसरी, आणि घसरता उतार हा कर्ण. उंची भागिले पसारा हे जे न बदलणारे गुणोत्तर, त्यालाच गणितात टॅन म्हणतात. टॅन ३४ अंश म्हणजे सुमारे ०.६७, आणि कोरड्या वाळूचा उतार साधारण ३४ अंशांचाच असतो. दहावीच्या मुलाला घाम फोडणाऱ्या त्रिकोणमितीचे सगळे मर्म या मूठभर वाळूत आहे. कोन तोच असेल तर त्रिकोण कितीही मोठा होवो, बाजूंचे गुणोत्तर तेच राहते.

मुले अडतात कुठे?

दहावीच्या पुस्तकात आधी सहा गुणोत्तरे येतात, मग ०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांचा तक्ता, मग नित्यसमानता, आणि उंची-अंतराची उदाहरणे सर्वांत शेवटी. परीक्षा जवळ आलेली असते, म्हणून मुले तक्ता पाठ करतात. पण साइन ३० म्हणजे १/२ असे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'हे अर्धे कशाचे?' असे विचारले, की तो गप्प होतो. कर्णाच्या निम्मी समोरची बाजू, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे नसते.

ते चित्र नसले की पुढच्या चुका ठरलेल्या. साइन ही एखादी संख्या समजून मुले तिने कोनाला गुणतात आणि साइन ६० म्हणजे साइन ३० ची दुप्पट असे लिहून मोकळी होतात. 'समोरची' बाजू ही त्रिकोणात कायमची नेमलेली आहे असे त्यांना वाटते. खरे तर कोन बदलला की समोरची बाजू लगतची होते आणि लगतची समोरची. आकृती जरा फिरवून काढली तरी गोंधळ उडतो. यात मुलाची बुद्धी कमी पडत नाही. त्याने कोन हाताने मोजलेला नसतो आणि गुणोत्तर डोळ्यांनी पाहिलेले नसते, एवढेच कारण.

तक्त्यातले आकडेही कागदाच्या घडीतून काढता येतात. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा त्रिकोण मिळतो. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून टॅन ४५ हा १. समभुज त्रिकोण मधोमध दुमडला की ३०-६०-९० चा त्रिकोण हातात येतो. दुमडल्यामुळे तळाची बाजू निम्मी झाली आणि कर्ण मात्र पूर्वीएवढाच राहिला. साइन ३० चे 'अर्धे' ते हेच. ज्याने ही घडी स्वतः घातली, तो परीक्षेत तक्ता विसरला तरी पुन्हा उभा करू शकतो.

हरवलेले मराठी शब्द

गोव्यात आणखी एक अडचण आहे आणि ती पेडणे, डिचोलीच्या गावांत अधिक जाणवते. सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकते आणि पाचवीपासून गणित इंग्रजीत येते. तेरेखोल नदीपलीकडे महाराष्ट्रातल्या आरोंद्याला मराठी शाळेत जाणारे मूल 'उन्नत कोन' वाचते आणि मान वर करून पाहण्याचा कोन हे शब्दावरूनच ओळखते. नदीच्या अलीकडच्या मुलाला तीच कल्पना परक्या शब्दातून उलगडावी लागते. उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची तर जरूर लिहावी, पण समजावताना वर्गात मराठी शब्द आला तर तो कमीपणा नाही. 'कोटिकोन' हा एकच शब्द घ्या. ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश, ते एकमेकांचे कोटिकोन. हे कळले की कोसाइन ३० आणि साइन ६० सारखेच का, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. कोसाइन म्हणजे कोटिकोनाची साइन.

आणि साइन हा शब्द तरी परका कुठे आहे? आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ अर्धज्यांची कोष्टके दिली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले तर त्याची दोरी ही ज्या, आणि तिचा अर्धा भाग ही अर्धज्या, म्हणजेच आपली साइन. पुढे अर्धज्येलाच नुसते ज्या म्हणू लागले. अरबांनी हा शब्द 'जीब' असा उचलला. अरबी लिपीत तो 'जैब' असाही वाचता येतो आणि जैब म्हणजे वस्त्राची खोलगट घडी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्या घडीसाठी 'सायनस' हा शब्द आला आणि त्याचे साइन झाले. आपली ज्या बगदाद आणि युरोप फिरून पेडण्याच्या वर्गात परत आली आहे. मुलांना हे सांगावे, त्यांची भीती निम्मी होते.

१११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सावल्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ काठी उभी करायची, काही अंतरावर दिवा ठेवायचा आणि सावलीवरून दिव्याची उंची काढायची. हे घरातही करता येते. दिवा ३ मीटर उंचीवर असेल आणि दीड मीटर उंचीचे मूल त्याच्या पायथ्यापासून २ मीटरवर उभे राहिले, तर सावली बरोबर २ मीटर पडते. का, ते मुलाला दोन त्रिकोण काढून सांगू द्या.

पपईचा देठ आणि माड

आता उंची मोजायचे यंत्र करू. लागते ते सगळे कंपासपेटीत आणि परसात आहे. पपईच्या पानाचा वाळलेला पोकळ देठ वीतभर कापून घ्यायचा. कोनमापकाची सरळ कड वर ठेवून ती देठाला दोऱ्याने बांधायची. कोनमापकाच्या मध्यबिंदूतून एक दोरा सोडायचा आणि त्याच्या टोकाला लहान दगड. देठ आडवा धरला की दोरा ९० वर लोंबतो. देठातून माडाच्या शेंड्याकडे पाहिले की कोनमापक फिरतो, दोरा मात्र ओळंब्यासारखा उभाच राहतो. तो ९० पासून जितके अंश सरकला, तितका उन्नत कोन.

समजा मूल माडापासून १२ मीटरवर उभे आहे आणि दोरा ५० वर आला. म्हणजे कोन ४० अंश. टॅन ४० हा ०.८४, म्हणून १२ गुणिले ०.८४, सुमारे १०.१ मीटर. ही उंची डोळ्यांपासून वरची. मुलाचे डोळे जमिनीपासून १.४ मीटरवर असतील तर माड साडेअकरा मीटर उंच. डोळ्यांची उंची मिळवायला निम्मी मुले विसरतात. विसरू द्या, कारण उत्तर चुकल्यावर ती पुन्हा विसरत नाहीत. माड समुद्राकडे झुकलेला असेल तर अंतर खोडापासून मोजून चालत नाही. शेंड्याच्या थेट खालची, नारळ पडतो ती जागा धरायची. पाडेली माडावर चढेल तेव्हा त्याच्या कमरेला सुतळीचे टोक बांधून द्यावे आणि आपले उत्तर पडताळून पाहावे.

दोऱ्याचे वाचन २ अंशांनी चुकू शकते. १२ मीटरवरून तेवढ्या चुकीने उत्तरात पाऊण मीटरच्या आतबाहेर फरक पडतो. पण मूल माडाच्या अगदी जवळ, ३ मीटरवर उभे राहिले तर कोन ७३ अंशांच्या पुढे जातो आणि त्याच २ अंशांनी उत्तर सव्वा ते दीड मीटरने हलते. कोन ४५ च्या जवळपास असला की चूक सर्वांत कमी, हे मुले स्वतः शोधतात. ९० कडे जाताना टॅन किती झपाट्याने वाढतो, हेही त्यांना यातूनच उमगते. नेमके ९० अंश हवे असतील तर झाडाच्या पोटात जाऊन उभे राहावे लागेल. अंतर शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. टॅन ९० अस्तित्वात नाही असे फळ्यावर लिहिलेले असते, त्याचे कारण हे.

नदी न ओलांडता

केरीच्या काठावर उभे राहिले की पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. फेरीबोटीत पाऊल न ठेवता नदीची रुंदी काढता येईल? पलीकडच्या काठावरचे अगदी समोरचे एक झाड हेरायचे. आपण उभे आहोत तिथून काटकोनात, काठाने २०० मीटर चालत जायचे आणि चालत आलेली रेषा व ते झाड यांच्यातला कोन मोजायचा. समजा तो ५५ अंश आला. टॅन ५५ हा १.४३, म्हणून रुंदी सुमारे २८५ मीटर. फक्त ५० मीटरच चाललो तर हाच कोन ८० अंशांचा होईल आणि १ अंश चुकला तरी उत्तर जवळपास ३० मीटरने बदलेल. आधाररेषा लांब हवी ती यासाठी.

हीच युक्ती वापरून सारा देश मोजला गेला. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा साखळीने मोजायला घेतली. त्या कामाला ५७ दिवस लागले. मग सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत, नुसते कोन मोजत, त्रिकोणामागून त्रिकोण उत्तरेकडे सरकत गेले. लॅम्बटन यांचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच झाले. पुढे १८५२ मध्ये याच सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणिताने हिमालयातले 'शिखर १५' हे सर्वांत उंच ठरले. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. आजचा आकडा २९,०३२ फुटांच्या जवळ आहे. त्या शिखरावर, म्हणजे एव्हरेस्टवर, माणसाचे पाऊल पडण्याच्या ९७ वर्षे आधी कोनांनी त्याची उंची सांगितली होती, आणि चूक होती अवघी ३० फुटांची.

पेडण्याच्या मुलांना आजच्या काळातला दाखला हवा तर मान वर करावी. मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. जगातल्या बहुतेक धावपट्ट्यांवर विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येते. टॅन ३ हा ०.०५२, म्हणजे धावपट्टीपासून १० किलोमीटरवर असलेले विमान तिच्या पातळीपासून सुमारे ५२० मीटर उंच असते. वाळूच्या राशीचा उतार आणि विमानाचा उतार यांत फरक फक्त कोनाचा.

अंगणातली काठी

शाळांना माझे एकच कळकळीचे सांगणे आहे. तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एक आठवडा वर्ग बाहेर न्या. यंत्रे लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि हा वेळ पुढे सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणात वसूल होतो. पालकांनीही 'पाठ झाले का?' असे विचारण्याऐवजी 'आज काय मोजले?' असे विचारावे.

सुरुवातीला एक दिवस सुचवतो. २१ मार्चच्या आसपास, जेव्हा दिवस आणि रात्र सारखी असते, शाळेच्या सपाट अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. पेडणे, डिचोलीत सूर्य त्या दिवशी दुपारी पावणेएकच्या सुमारास सर्वांत उंचावर येतो. सूर्याकडे पाहू नका, सावलीकडे पाहा. ती सर्वांत आखूड होईल तेव्हा खडूने खूण करा आणि मोजा. सुमारे २८ सेंटिमीटर भरेल. सावली भागिले काठी ०.२८. ज्याचा टॅन ०.२८, तो कोन साडेपंधरा अंशांच्या जरा पुढचा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या थेट डोक्यावर असतो, म्हणून हाच तुमच्या गावाचा अक्षांश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर विषुववृत्त तुमच्या अंगणापासून १,७०० किलोमीटरहून थोडे लांब आहे.

एवढे मोठे अंतर एका काठीने आणि वीतभर सावलीने मोजता येते, हे ज्या मुलाने आपल्या हाताने करून पाहिले, त्याला त्रिकोणमिती कशासाठी शिकायची हे सांगावे लागत नाही.