मल्टिपल स्क्लेरोसिस आणि व्यायाम
मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच आघात करते. श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते, असे जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदविले. पुढे दीर्घकाळ रुग्णांना विश्रांतीचाच सल्ला मिळत राहिला. वस्तुतः हा त्रास अंग तापल्याने होतो व अंग निवताच ओसरतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या नियमित व्यायामाने रुग्णांची शारीरिक क्षमता वाढल्याचे आढळले. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने, सकाळच्या गारव्यात, मध्ये विसावा घेत थोडा थोडा व्यायाम करावा. तोल जात असल्यास खुर्चीत बसून करावा. कुटुंबीयांनीही रुग्णाला अवश्य जपावे. मात्र मायेपोटी त्याला अंथरुणाला खिळवून ठेवू नये.