वीस फोटो, दहा पानं

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा लग्नाचा अल्बम माझ्या मांडीवर होता. पिशवीत चुरगळेल म्हणून मी तो दिल्लीपर्यंत हातातच धरला. जून २००६. सोबतीला धाकटे काका होते. चाणक्यपुरीत शांतिपथावर कॅनडाचं उच्चायुक्तालय आहे, तिथे माझी मुलाखत होती. लग्नाला सोळा महिने झाले होते आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस एकवीस. नवरा मिसिसागाला, मी सांगलीत, चार दिवस सासरी तर चार दिवस माहेरी.

खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी अल्बम भराभर उलटला. शालू, हार, आहेर घेऊन रांगेने उभे राहिलेले दीडशे लोक, यातल्या एकाही फोटोवर त्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या लाजाहोमाच्या एका फोटोवर. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा माझ्या नवऱ्याचा कान धरून उभा, नवरा मान वाकडी करून हसतोय आणि मागे आत्याबाईंनी तोंडाला पदर लावलाय. हा मुलगा कोण, आणि हे चाललंय काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ही कानपिळी. बहिणीला नीट सांभाळा, अशी नवऱ्या मुलाला दिलेली ताकीद. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून हा मान मावसभावाचा. मग तो मुलगा आता काय शिकतो, त्याचं आणि तुमच्या नवऱ्याचं बोलणं होतं का, असं त्या विचारत गेल्या. बारावीला त्याला गणित अवघड जात होतं आणि रविवारी रात्री हे फोनवरून त्याला गणितं समजावून सांगत, हे मी बोलून गेले. त्यांनी ते लिहून घेतलं. अर्ध्या तासाच्या मुलाखतीतला निम्मा वेळ त्या एका फोटोत गेला.

त्या दिवसापासून मला हा विषय चिकटला, तो सुटला नाही. ऑक्टोबरात मी कॅनडात उतरले. पुढल्या वर्षी ओळखीतल्या एकाची बायको सोलापुरात अडकली होती. ‘वहिनी, जरा फाइल बघता का?’ असं म्हणत तो घरी आला. तेव्हापासून मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन इथल्या कितीतरी जेवणाच्या टेबलांवर मी लोकांच्या लग्नाचे फोटो पसरून बसले आहे. मी सल्लागार नाही. कॅनडात परवाना नसताना पैसे घेऊन असा सल्ला देणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मी चहा घेते आणि फोटो निवडायला मदत करते. कायद्याची गुंतागुंत दिसली की परवानाधारक माणसाकडे पाठवते.

नियमांची माहिती आधी थोडक्यात. कॅनडाचा नागरिक किंवा पीआर, म्हणजे कायम रहिवासी असलेला माणूस आपल्या जोडीदाराला बोलावू शकतो. वय किमान १८ हवं, आणि पीआर असलेल्याने स्वतः कॅनडातच राहायला हवं. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, मात्र तीन वर्षं त्याच्या गरजांची जबाबदारी घेत असल्याचं लिहून द्यावं लागतं आणि मधे घटस्फोट झाला तरी ते बंधन सुटत नाही. स्वतः जोडीदाराच्या फाइलवर आलेल्या माणसाला पाच वर्षं दुसरा जोडीदार बोलावता येत नाही. अर्ज दोन वाटांनी जातो. जोडीदार कॅनडात सोबत राहत असेल तर ‘इनलँड’, बाहेर असेल तर ‘आउटलँड’. मग पोच, म्हणजे सगळे म्हणतात ते एओआर, मग बायोमेट्रिक, मेडिकल, पासपोर्ट सेवा केंद्रातून पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला, आणि शेवटी पीआर. जोडीदारांच्या बहुतेक अर्जांसाठी बारा महिन्यांचं उद्दिष्ट २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालं. प्रत्यक्षातला काळ कमीजास्त होत राहतो.

मला ओढ आहे ती पुराव्याची. कायदा दोन गोष्टी विचारतो. हे नातं खरं आहे का? आणि मुख्यतः कॅनडात येता यावं म्हणूनच हे लग्न झालं का? २०१० पर्यंत अर्ज नाकारायला दोन्ही दोष सिद्ध व्हावे लागत. त्या वर्षी नियमातल्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला आणि आता कोणताही एक दोष पुरतो. एका शब्दाने किती घरांची झोप उडाली असेल! त्यामुळे ‘आम्ही आता सुखाने नांदतोय’ एवढं सांगून भागत नाही, लग्न ठरलं त्या दिवशी मनात काय होतं तेही दाखवावं लागतं. मनातलं दाखवायला हाताशी काय असतं? कागदपत्रांच्या यादीत लिहिलेलं असतं: जास्तीत जास्त वीस फोटो, आणि पत्रं, मेसेज वगैरेंची जास्तीत जास्त दहा पानं.

आपल्याकडे लग्नाचे फोटो हजार-बाराशेच्या खाली नसतात. त्यातले वीस निवडा म्हटलं की मुलं स्टेजवरचे निवडतात, कारण त्यात आपण चांगले दिसतो. मी ते बाजूला ठेवायला लावते. भाड्याचा हॉल, भाड्याची सजावट आणि नटलेली दोन माणसं खोट्या लग्नातही असतात. मला हवे असतात एकमेकांची माणसं एकमेकांत मिसळलेले फोटो. अंतरपाट धरणारे दोघे कोण? सूनमुख बघताना सासूबाईंच्या हातातल्या आरशात कोणाकोणाचे चेहरे आलेत? झालीच्या वेळी कोणाच्या डोक्यावर परडी आहे आणि कोण रडतंय? तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितानाचा फोटो तर मी हटकून घ्यायला लावते, का ते पुढे येईल. लग्नाचे सातच फोटो पुरेत. बाकीचे तेरा त्यानंतरच्या काळातले हवेत, आणि प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि माणसांची नाती लिहिलेली हवीत. ‘डावीकडे मावशी’ एवढं लिहून चालत नाही. कोणाची मावशी, हे लिहायला हवं.

ठरवून केलेलं लग्न संशयाने बघितलं जातं, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आयएमएम ५५३२ हा नात्याचा सविस्तर फॉर्म आहे. त्यात कोणी ओळख करून दिली, साखरपुडा कधी झाला, लग्नाला कोण कोण आलं, घरच्यांना नातं माहीत आहे का, हे सगळं विचारलेलं असतं. कांदेपोहे, पत्रिका, मध्यस्थी करणारे काका, या सगळ्यांना त्यात जागा आहे. अडचण येते ती रीत मोडली की. घरच्यांनी ठरवलेलं लग्न, पण नोंदणी कचेरीत आठ माणसांसमोर झालं, तर बाकीचे कुठे होते, हा प्रश्न येणारच. एका मुलाच्या आजोबांचं लग्नाआधी दहाच दिवस निधन झालं होतं, म्हणून लग्न घरातल्या घरात उरकलं होतं. त्या फाइलमध्ये आम्ही आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडला आणि सुतकात थाट का करत नाहीत, ते चार ओळींत लिहिलं. वेगळी चौकशी झाली नाही. आणखी एक गोष्ट कित्येकांना उशिरा कळते. ११ जून २०१५ पासून वधू-वर दोघंही लग्नाच्या जागी हजर असावे लागतात. एकजण फोनवर किंवा व्हिडिओवर असेल तर ते लग्न इथे धरत नाहीत. करोनाच्या काळात मुहूर्त टळू नये म्हणून व्हिडिओवर लग्न लावू का, असं कोणी विचारलं, की मला हे जड मनाने सांगावं लागे.

आता नावांचं. मराठी बाईच्या नावात मधे वडील असतात आणि लग्नानंतर तिथे नवरा येतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. त्यात काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतात आणि ते ताटातल्या तांदळांत लिहितात. परक्या अधिकाऱ्यापुढे ही तीन-तीन माणसं होऊन उभी राहतात. फॉर्ममध्ये पूर्वी वापरलेली सगळी नावं विचारतात, तिथे एकही गाळू नये. तांदळातल्या नावाचा फोटो जोडला, की हे नाव कुठून आलं ते दिसतं. पासपोर्टवरचं माहेरचं नाव अर्ज संपेपर्यंत बदलू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावरून मी दोन सासूबाईंचा रोष पत्करला आहे. लग्नाची नोंदणी मात्र ताबडतोब करावी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ‘नमुना ड’ भरून, तीन साक्षीदार आणि पुरोहितांची सही घेऊन ती होते. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं.

दहा पानांचा प्रश्न आमच्या वेळी उलटा होता. हे मिसिसागाहून कॉलिंग कार्डाने फोन करत, पाच डॉलरचं कार्ड. टेलिफोनच्या बिलावर कार्ड कंपनीचा एकच नंबर उमटायचा, सांगलीचा नाहीच. सोळा महिने रोज बोललो आणि त्याची कागदावर एक ओळ नाही. शेवटी सासूबाईंच्या डब्यातून ह्यांची अकरा पत्रं निघाली. त्यातल्या दोन पत्रांत मिसिसागाच्या बर्फाचं वर्णन होतं आणि एकात माझ्या कंबरदुखीची चौकशी. पोस्टाच्या शिक्क्यांवरच्या तारखा स्पष्ट होत्या. आजच्या मुलांकडे मेसेजचा समुद्र असतो, त्यातली दहा पानं उपसायची असतात. ती गोड-गोड बोलण्याची पानं काढून आणतात. मी म्हणते, दर दोन महिन्यांतलं एकेक पान घ्या, आणि घ्या ते भांडणाचं, गॅस सिलिंडरचं, बाबांच्या मोतीबिंदूच्या तारखेचं. एका मुलीच्या पानांत सलग चार दिवस ‘जेवलास का’ एवढंच होतं. पाचव्या दिवशी ‘हो, तूच सांगितलेली आमटी केली’ असं उत्तर आलं होतं. ते पान मी सगळ्यात वर ठेवायला लावलं.

इथे जरा आडवळण घेते. बायकोला कॅनडात आणण्याची भारतीयांची लढाई शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९०८ मध्ये नियम झाला, की आपल्या देशातून थेट, कुठेही न थांबता केलेल्या प्रवासाने येईल त्यालाच प्रवेश. भारतातून तसं थेट तिकीटच मिळत नव्हतं. व्हँकुव्हरचे भाग सिंग आणि बलवंत सिंग बायकामुलांना आणायला भारतात गेले आणि जानेवारी १९१२ मध्ये हाँगकाँगमार्गे परतले. पुरुष आधीचे रहिवासी म्हणून त्यांना आत घेतलं, बायकामुलांना परत पाठवण्याचा हुकूम झाला. महिनोन्‌महिने खटपट झाल्यावर त्यांना राहू दिलं, तेही ‘कृपा’ म्हणून, पुढच्यांना दाखला होणार नाही या अटीवर. भारतीय प्रवाशांची कोमागाता मारू ही बोट त्यानंतर दोन वर्षांनी आली. इथे राहणाऱ्या भारतीयांना बायकामुलं आणण्याची मुभा १९१९ मध्ये मिळाली. व्हँकुव्हरला गेले तेव्हा मी मुद्दाम बंदरावर जाऊन उभी राहिले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. आपल्याला निदान फॉर्म भरायला मिळाला, एवढंच मनात येत राहिलं.

वाट बघणाऱ्यांत मला जास्त काळजी वाटते ती इनलँडवाल्यांची. २०१४ च्या डिसेंबरपासून त्यांना ओपन वर्क परमिट मिळू लागलं, त्याआधी सुशिक्षित मुली वर्ष-वर्ष घरात बसत. पण देशाबाहेर पाऊल टाकलं आणि परत आत घेतलं नाही, तर अर्जाचा पायाच जातो, कारण एकत्र कॅनडात राहणं हीच त्या वाटेची अट. शिवाय आउटलँड अर्ज नाकारला तर तीस दिवसांत अपील करता येतं, इनलँडला ते अपील नाही, फेडरल कोर्टाकडेच जावं लागतं. लातूरची एक मुलगी वडील गेले तेव्हा जाऊ शकली नाही. तेराव्याला तिने माझ्याच घरी फोनवर पान वाढलेलं बघितलं. फाइल लावण्याआधी दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांची तब्येत विचारा, हे मी तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगते. २०१२ मधली एक अटही माझ्या मनात सलत होती. नवीन लग्न असेल तर पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहायलाच हवं, नाहीतर पीआर जाणार. छळ होणाऱ्यांसाठी सवलत होती, पण दोन खोल्यांत कोंडलेल्या, भाषा न येणाऱ्या बाईने ती मागायची कुठे? १८ एप्रिल २०१७ ला ती अट रद्द झाली तेव्हा मी घरी पुरण घातलं.

गेल्या गणपतीनंतर मिल्टनचा एक मुलगा आला होता. बायको रत्नागिरीत, लग्न होऊन नऊ महिने. एकोणीस फोटो नक्की झाले आणि विसावा काही केल्या सुचेना. त्याने आईला फोन लावला. तासाभराने तिकडून फोटो आला. स्वयंपाकघर, पातेल्यात उकड, जमिनीवर बसलेल्या तीन बायका. ‘यात मी कुठे आहे?’ असं त्याला वाटलं. मी फोटो मोठा करून दाखवला आणि खाली त्याच्याकडूनच लिहून घेतलं: ‘हरतालिकेचा दिवस, रत्नागिरी, दुपारचे दोन. डावीकडून माझी आई, माझी बायको, बायकोची आई. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये मी, मिल्टनहून. इथे पहाटेचे साडेचार.’