पहिलं पान नोटपॅडवर

सकाळी साडेसहा

नारायण पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या खोलीत साडेनवानंतर फोन वाजू लागतात आणि माणसं यायला लागतात. त्याआधीचा वेळ आज वेबसाइटचा. ती कशी बनवतात ते मला अजून माहीत नाही, पण तिच्यात काय लिहायचं ते पक्कं माहीत आहे. म्हणून सुरुवात कागद-पेन्सिलीने.

माझ्याकडे पहिलं पुस्तक काढणारी माणसं येतात. निवृत्त शिक्षक, कवितांच्या वह्या पिशवीत घालून आलेली परिचारिका, वडिलांच्या आठवणी टाइप करून आणलेला मुलगा. प्रश्न सगळ्यांचे तेच. डेमी साइज, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, घ्यायचा की मोठा? पानं सोळाच्या पटीत का बसवायची? आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाला, किती पैसे पडतात? पैसे पडत नाहीत. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनाशुल्क मिळतो. आणि पुस्तक छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, हे सांगितलं की बहुतेकांना ते नवीनच असतं. ही सगळी उत्तरं मी वर्षानुवर्षं तोंडी, नाहीतर छोट्या माहितीपत्रकांतून तुकड्या-तुकड्याने देत आले. मराठीत, सलग, एका जागी लिहिलेली मला कुठे सापडली नाहीत. तर आता ती मी लिहिणार.

कागदावर चार पानं आखली: पहिलं पान, साइज आणि कागद, आयएसबीएन आणि कायदा, संपर्क. ‘माझ्याविषयी’ नावाचं पान ठेवलं नाही. पहिल्या पानावरच्या दोन ओळी त्याला पुरेत.

साडेसात

भाचा संगणकाचं शिकतो. रात्री फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं, “आत्या, आधी सगळं स्वतःच्या मशीनवर कर. नेटवर चढवायचं सगळ्यात शेवटी. आणि तयार साचे बघत बसू नकोस, नोटपॅड उघड.”

नोटपॅड उघडला. एचटीएमएल म्हणजे काय, हे मला पहिल्या दहा ओळींतच कळलं, कारण ते मी हस्तलिखितावर रोज करते. कॉपीवर लाल पेनाने खूण करायची: हे मोठं हेडिंग, हे उपशीर्षक, इथून नवा परिच्छेद. इथे तीच खूण टोकदार कंसात लिहायची. एच-वन म्हणजे मुख्य शीर्षक, एच-टू उपशीर्षक, पी म्हणजे परिच्छेद. खूण सुरू केली की तिरकी रेघ घालून बंद करायची. शीर्षक आहे म्हणून सांगायचं. ते किती मोठं दिसावं हे नंतर, वेगळ्या जागी.

पण खरं काम सगळ्यात वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या तीन ओळींत आहे. मराठीत लिहिणाऱ्याने त्या समजून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली ओळ चारसेटची: यूटीएफ-८. या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. ही ओळ नसली आणि ब्राउझरने ते बाइट सुटे सुटे वाचले, तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी डोक्यावर रेघा असलेल्या युरोपीय अक्षरांची माळ दिसते. दुसरी ओळ भाषेची: अगदी वरच्या एचटीएमएल खुणेत ‘लँग’ आणि पुढे ‘एमआर’. पान मराठी आहे, हिंदी नाही, हे यंत्राला यावरून कळतं. तिसरी व्ह्यूपोर्टची. ती नसेल तर फोन पान मोठ्या पडद्यासाठी आहे असं धरतो आणि आख्खं पान आक्रसून मुंगीएवढ्या अक्षरात दाखवतो. माझे बहुतेक लेखक मोबाइलवरच वाचतात, तेही चष्मा शोधत.

सेव्ह करताना फाइलचं नाव ‘इंडेक्स’, पुढे ‘डॉट एचटीएमएल’. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर नोटपॅड शेपटाला ‘टीएक्सटी’ जोडतो. फाइलवर दोनदा क्लिक केलं. ब्राउझर उघडला आणि पांढऱ्या पडद्यावर काळ्या ठळक अक्षरांत आलं: ‘पहिलं पुस्तक छापताना’. इंटरनेट बंद होतं, तरी पान उघडलं. मी दोनदा-तीनदा बंद करून पुन्हा उघडलं, नुसतं बघायला.

नऊ

पोहे खाता खाता वाचलं. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडला, पहिली वेबसाइट १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला दिसली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, कुणाला परवाना नको, शुल्क नको. त्या पहिल्या साइटची जुनी प्रत सर्नने पुन्हा त्याच पत्त्यावर ठेवली आहे. ती माझ्या फोनवर उघडली. नुसता मजकूर आणि दुवे, आणि आजच्या ब्राउझरमध्ये जसंच्या तसं वाचता येतं. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये केलेली माझी स्वतःची जुनी कामं आज उघडायची म्हटली तर किती खटपट करावी लागते! साध्या एचटीएमएलवर माझा विश्वास बसला तो इथे.

साडेनऊ ते दीड

पोटाचं काम. एका स्मरणिकेची प्रूफं, दोन लग्नपत्रिका, एका प्रबंधाची अनुक्रमणिका.

दुपारी दोन

साइटचा बराच मजकूर माझ्याकडे आधीच टाइप केलेला होता. लेखकांना छापून द्यायची दोन पानी माहितीपत्रकं. पण ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसे, आत मात्र भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असे. छापखान्यापुरतं ते उत्तम चाललं, कारण शेवटी कागदावर शाई उतरायची. वेबवर तो मजकूर ठेवला, तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला निरर्थक रोमन अक्षरं दिसणार. शोधयंत्राला त्यातला ‘कागद’ सापडणार नाही. दृष्टिहीन वाचकाचं वाचनयंत्रही तीच निरर्थक अक्षरं वाचणार.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा, आणि त्यांत ‘ळ’ आहे, ‘ऱ्या’साठी लागणारा ‘ऱ’ आहे. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ च्या आवृत्तीत मिळाली, तीही मराठीच्या गरजेने. या तक्त्याबद्दल मला आदर वाटतो. कुणीतरी बसून आपल्या भाषेची अक्षरं मोजली आहेत.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून माहितीपत्रक काढलं. बहुतेक मजकूर नीट आला. बिघडलं ते नेहमीच्या ठिकाणी: ‘खर्च’मधला रफार एक अक्षर पुढे सरकला, ‘दुसऱ्या’मध्ये ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं बसली. म्हणून कन्व्हर्टर कितीही चांगला असो, प्रूफ वाचल्याशिवाय मजकूर पुढे जाऊ देऊ नये. प्रिंट काढली, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली, खुणा केल्या, दुरुस्त्या घातल्या. दुपारचा हा सगळा वेळ त्यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

चार

आता दिसणं. त्यासाठी सीएसएस नावाची वेगळी फाइल, म्हणजे इनडिझाइनमधल्या पॅराग्राफ स्टाइलचीच बहीण. एकदा ठरवलं की चारही पानांना लागू.

इथे माझ्या हाताला वळण लावावं लागलं. छपाईत ओळ कुठे तुटणार हे मी ठरवते. वेबवर ते वाचणाऱ्याच्या पडद्याची रुंदी ठरवते, अक्षरही त्याच्या फोनमधलं उमटतं. फॉन्ट वेगळा जोडता येतो. ‘मुक्त’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉन्ट तर फुकट वापरता येतो. पण पहिल्या खेपेला फाइल हलकी ठेवावी आणि फोनमध्ये असेल तो फॉन्ट चालू द्यावा, असं ठरवलं.

मग उरलं काय? बरंच काही. ओळींमधलं अंतर, आमच्या भाषेत लेडिंग. देवनागरीत वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार. इंग्रजीला पुरणारं अंतर आपल्याला दाटीचं होतं. मी अक्षराच्या १.७ पट ठेवलं. ओळीची लांबी मोठ्या पडद्यावर ३६ एमपेक्षा वाढू दिली नाही. एम हे माप वेबने आमच्याच धंद्यातून उचललं आहे, ते बघून बरं वाटलं. पुस्तकात मजकूर दोन्ही बाजूंनी जुळवतात. इथे ते टाळलं, कारण अरुंद पडद्यावर मराठी शब्द लांब असले की मधे पांढऱ्या भेगा पडतात. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी.

आणि ‘ल’ नि ‘श’. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ सांगितले आहेत. युनिकोडमध्ये हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे, वेगळं असतं ते फॉन्टमधलं रूप. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं ठेवलेली आहेत, तो सकाळची ती ‘एमआर’ची खूण पाहून ती रूपं बाहेर काढतो. मी अशाच एका फॉन्टमध्ये पान उघडलं. खूण काढून पाहिली, ‘ल’ हिंदी वळणाचा झाला. परत घातली, पाकळ्या आल्या. चार अक्षरांची खूण आणि दोन इंग्रजी अक्षरं, बस्स. मराठी वृत्तपत्रांच्या, संस्थांच्या साइट करणाऱ्या सगळ्यांनी ही एवढी काळजी घ्यावी.

साडेपाच

फोटो. कागदाच्या नमुन्यांचे आणि शिवणीच्या, गमिंगच्या बांधणीचे. छपाईची सवय सांगते तीनशे डीपीआय आणि चार रंग. वेबला डीपीआयशी देणंघेणं नाही, किती पिक्सेल रुंद एवढंच पाहायचं, आणि रंग आरजीबी. छपाईच्या चार रंगांतला, म्हणजे सीएमवायके, फोटो तसाच ठेवला तर रंग भलतेच दिसू शकतात. फोनमधले काही एमबींचे फोटो १२०० पिक्सेल रुंद केले, वजन एकदम उतरलं. फोटो कुठे काढला याची नोंद फाइलमध्ये दडलेली असते, ती पुसली. प्रत्येक फोटोला ‘आल्ट’मध्ये एका वाक्यात वर्णन लिहिलं, ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी. लेखकांच्या मुखपृष्ठांचे फोटो हाताशी होते, पण परवानगीशिवाय ते ठेवणार नाही.

सात

भाचा आला. आल्या आल्या फाइलींची नावं बघू लागला.

“आत्या, नावं सगळी स्मॉल लेटर्समध्ये?”

“तूच म्हणाला होतास ना, सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल वेगळं वाटतं म्हणून.”

“आणि फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून नाही ना दिलास? तो फक्त तुझ्याच मशीनवर उघडेल.”

“नाही रे. फोल्डर आणि नाव, एवढंच.”

निओसिटीजवर खातं उघडलं. २०१३ पासून चालणारी ही सेवा साध्या, हाताने केलेल्या पानांना एक जीबी जागा फुकट देते. फोल्डर ओढून टाकला. मिनिटभरात पान जगाला उघडं झालं. भाच्याने त्याच्या फोनवर उघडलं, मग माझ्या वहिनीला पत्ता पाठवला. तिने उलट कळवलं की संपर्काच्या पानावरचा दुवा बोटाला नीट लागत नाही. दोन दुव्यांमध्ये अंतर वाढवलं, फाइल पुन्हा चढवली. पान जुनंच दिसत होतं, तर कंट्रोल-एफ-पाच दाबायचं भाच्याने शिकवलं. छापल्यानंतर दुरुस्ती करता येणं! आमच्या धंद्यात त्यासाठी शुद्धिपत्र चिकटवावं लागतं.

संपर्काच्या पानावर घरचा फोन दिला नाही. कामासाठी वेगळा ईमेल काढला आणि तोच दिला.

रात्री साडेनऊ

जेवणानंतर उरलेलं एक काम. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर असंख्य लोकांनी आपली पहिली पानं बांधली होती. २००९ मध्ये ती सेवा बंद झाली, आणि ज्यांनी घरी प्रत ठेवली नव्हती त्यांतल्या अनेकांची पानं गेली. तेव्हा साइटचा आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर आणि भाच्याच्या मशीनवर ठेवला. स्वतःच्या नावाचा पत्ता पुढच्या महिन्यात घेईन. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतो. पत्ता कुणाकडूनही घ्या, पण तो तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर नोंदलेला असू द्या, करून देणाऱ्याच्या नव्हे. आणि त्याचं नूतनीकरण वेळेवर करा, नाहीतर तो दुसऱ्याला जाऊ शकतो.

तुम्ही शिवणकाम करत असाल, विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करत असाल, रोपवाटिका चालवत असाल, तर लोक तुम्हाला रोज विचारतात ते पाच प्रश्न कागदावर लिहा. त्यांची उत्तरं मराठीत, युनिकोडमध्ये, नोटपॅडवर टाइप करा. वर त्या तीन ओळी घाला. फाइलचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ठेवा आणि उघडून बघा. नेटवर चढवण्याआधी एकदा प्रूफ मात्र वाचाच.