अरबी समुद्रातील हिरवा पाहुणा

आपल्या चिक्कडपल्लीजवळच्या हुसेनसागराच्या केवळ नावात सागर आहे. खरा समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि अरबी समुद्राचे पाणी कोठे व केव्हा हिरवे झाले, याची नोंद याच शहरात, प्रगतीनगरातील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, उपग्रहांच्या साहाय्याने ठेवली जाते. हे हिरवेपण ज्या सूक्ष्म जीवामुळे येते, त्याचा पाठपुरावा करण्यात हेल्गा दो रोझारियो गोम्स या विदुषीने आपल्या आयुष्यातील अनेक वर्षे वेचली आहेत.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली. गोम्सबाईंचे आरंभीचे संशोधन याच संस्थेतले. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. परंतु त्यांतील काही अंश त्यांच्या देहातून पाण्यात झिरपतो. या झिरपलेल्या अन्नावर कोण जगते? खाडीच्या पाण्यातील जीवाणू! १९९१ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी याच देवघेवीचा अभ्यास मांडला. विषय क्षुल्लक वाटेल. पण कोण कोणाच्या जिवावर जगतो, हा प्रश्न पुढे त्यांच्या सर्व संशोधनात कायम राहिला.

पुढे त्या व त्यांचे सहसंशोधक जोआकिम गोएस अमेरिकेस गेले. २००५ साली गोएस, गोम्स व सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. युरोप व आशियाच्या भूमीवरील बर्फ कमी होत आहे, त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वारे जोर धरीत आहेत, खोल पाण्यातील क्षार वर येत आहेत आणि १९९७ पासून पश्चिम अरबी समुद्रातील उन्हाळी वनस्पतिप्लवक किनाऱ्यालगत ३५० टक्क्यांहून अधिक वाढले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या निष्कर्षाची पुष्कळ चर्चा झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१६ साली याच्या नेमके उलट दाखविले: गेल्या सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील हे प्लवक सुमारे २० टक्क्यांपर्यंत घटले असावे. थोड्या वर्षांचा कालखंड आणि साठ वर्षांचा कालखंड यांत किती अंतर असते, हे येथे दिसते.

आता त्या हिरव्या पाहुण्याकडे वळू. त्याचे नाव नोक्टिल्यूका, म्हणजे रात्रीचा दिवा. तो एकपेशीय असला तरी कधीकधी मिलिमीटरभर व्यासाचा, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा असतो. रात्री लाट फुटली किंवा वल्हे पडले की तो निळसर प्रकाश फेकतो. त्याच्या पोटात हजारो हिरवे शैवालजीव वास करतात. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवितात. शिवाय यजमान स्वतः डायाटम वगैरे शेजाऱ्यांना गिळतो. शेतकरी आणि शिकारी एकाच घरात नांदावेत, तसा हा प्रकार! त्याला खाणारे मात्र थोडे. मुख्यतः सॅल्प व जेलीफिश. डायाटम खाऊन बारीक कवचधारी जीव वाढतात व त्यांवर मासे पोसतात. ही साखळी तुटली, तर कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी जेलीफिश येण्याची भीती. गोम्सबाईंच्या कार्याचे महत्त्व येथे आहे.

२००८ मध्ये त्यांनी या फुलोऱ्यांची जहाजावरील व उपग्रहाची निरीक्षणे एकत्र मांडली. २०१४ च्या निबंधात, गोव्याचे प्रभू माटोंडकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांसमवेत, त्यांनी कारण सुचविले. प्राणवायू कमी केलेल्या पाण्यात नोक्टिल्यूकातील शैवालजीवांचे अन्ननिर्मितीचे काम जोमाने चालते, इतर वनस्पतींचे मंदावते. सबब प्राणवायू कमी असलेले पाणी वर चढत असल्यामुळे हा पाहुणा मातला असावा, असे त्यांचे म्हणणे. २०२० मध्ये त्यांच्या चमूने आणखी एक दुवा जोडला. हिमालय व तिबेटवरील बर्फ घटल्याने हिवाळी वारे पूर्वीइतके थंड व कोरडे राहिले नाहीत. समुद्राचा पृष्ठभाग पुरेसा गार होऊन बुडत नाही, म्हणून खालचे क्षार वर येत नाहीत. अशा टंचाईत दोन्ही मार्गांनी जगणाऱ्याचे फावते.

सर्वांना हे मान्य झालेले नाही. आपल्या प्रगतीनगरच्या केंद्रातील अनीश लोटलीकर व सहकाऱ्यांनी २०१८ साली ईशान्य अरबी समुद्रातील अशा फुलोऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांचा संबंध प्राणवायूच्या तुटवड्याशी नसल्याचे सांगितले. प्रस्तुत लेखकास हा मतभेद मोलाचा वाटतो. दोन्ही पक्षांनी समुद्रात जाऊन पाणी तपासले आहे, केवळ तर्क लढविलेला नाही.

उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, त्यातील प्राणवायू दिसत नाही. तो मोजावयाचा तर जहाजावरून बाटल्या खोल सोडाव्या लागतात, किंवा मापक बसविलेली तरती यंत्रे समुद्रात सोडून त्यांच्या संदेशांची वाट पाहावी लागते. आणि फुलोरा येतो तो साधारण जानेवारी ते मार्च, एवढ्याच अवधीत.