कापूस, कॉलेज आणि अंतराचा हिशेब

खानदेशातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ विद्यापीठाच्या दप्तरात नव्हे, तर कापसाच्या बाजारात शोधावा लागेल. १९४५ साली तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात दोन महाविद्यालये निघाली. अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मूळजी जेठा कॉलेज. दोन्ही नावे कापसाच्या व्यवहारातली आहेत. श्रीमंत प्रतापशेठ ऊर्फ मोतीलाल माणेकचंद हे अमळनेरचे गिरणीमालक. मूळजी जेठा हे नाव मुंबईच्या कापडबाजाराइतकेच जळगावच्या खानदेश मिलशीही जोडलेले. आणि दोन्ही गावे रेल्वेवरची. गिरणी, रेल्वे आणि कॉलेज ही तीन एकाच ठिकाणी आली, हा योगायोग नव्हे. जिथे भांडवल साठले होते आणि जिथवर गाडी जात होती, तिथेच विद्या येऊ शकत होती.

तत्पूर्वी मॅट्रिक झालेल्या खानदेशी मुलासमोर पुण्याचे फर्ग्युसन, बडोदे किंवा १९२४ नंतर नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज, एवढेच मार्ग होते. म्हणजे खाणावळ, खोलीभाडे आणि वर्षातून दोनदा घरचे दर्शन. हे ज्याला परवडे तो शिके. सावकार, वकील, मामलेदार यांच्या घरांपलीकडे पदवी फारशी गेली नाही याचे कारण बुद्धीत नव्हते, या खर्चात होते.

अमळनेरची कथा तर वेगळीच म्हणावी लागेल. या कापूसपेठेत पदवी महाविद्यालयाच्या जवळजवळ तीन दशके आधी, १९१६ साली, तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. भारतातील नामवंत तत्त्वचिंतक तेथे येऊन राहत, वेदान्तावर संशोधन करीत आणि त्यांचा खर्च प्रतापशेठ सोसत. १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी याच गावी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. नंतर १९४५ मध्ये कॉलेज आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वनस्पती तुपाचा तो कारखाना स्थापन झाला, ज्याची पुढे विप्रो झाली. आधी ब्रह्म, मग बी. ए., मग वनस्पती तूप, असा हा क्रम अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणारा नाही!

या देणग्यांबद्दल कृतज्ञता असावीच. पण गिरणीचा नफा ज्या कापसावर झाला, तो कापूस शेठजींच्या वाड्यात पिकला नव्हता. तो तापी, पांझरा, गिरणा यांच्या काठच्या काळ्या जमिनीतून बैलगाडीने बाजारात आला. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा होण्यापूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, दलालीबरोबर ‘धर्मादाय’ही कापला जाई, त्या धर्माचा मालक कोण, हे त्याला कुणी विचारीत नसे. म्हणून या महाविद्यालयांच्या इमारतींत खेड्यांचा वाटा आहे असे मी मानतो. आज जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे. कॉलेज मात्र टिकले, आणि त्या वाट्याचा हिशेब त्याच्याकडेच मागता येतो.

पश्चिम खानदेशच्या पदरी १९४५ साली काहीच पडले नाही. धुळे जिल्ह्याचे ठिकाण होते. तेथे १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ होते, दासोपासनेचे थोर कार्य चालू होते, पण बी. ए. ची सोय नव्हती. धुळ्याहून वीस किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्यालगत असलेले सोनगीर घ्या. किल्ल्याचे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचे हे गाव. तांबटाच्या मुलाला हातोडी ठेवून पुस्तक घ्यावयाचे तर सुरुवातीस अमळनेरच जवळचे. धुळ्याला महाविद्यालये नंतर आली. पुढे स्टेनलेस स्टीलने तांब्यापितळेचा बाजार आटवला, तेव्हा कारागिराच्या घराला पदवी ही हौस राहिली नाही, गरज झाली.

स्वातंत्र्यानंतरचा विस्तार निराळ्या पैशावर झाला. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले आणि खानदेशची महाविद्यालये मुंबईकडून तिकडे जोडली गेली. १९५९ च्या सुमारास ई. बी. सी. सवलत आली, धुळ्याला १९६० मध्ये कृषी महाविद्यालय झाले. गिरणीमालकाची जागा आता सरकारी अनुदानाने आणि तालुक्याच्या पुढाऱ्याने घेतली. पुढाऱ्यांच्या संस्थांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि १९८३ नंतरच्या विनाअनुदान पर्वात त्यांपैकी काहींनी ती मिळवलीही. परंतु तालुक्याच्या गावी कॉलेज आणले ते त्यांनीच, हेही मान्य केले पाहिजे. १९९० साली जळगावला गिरणेजवळ उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा पदवीच्या कागदासाठी पुण्याला जाणे संपले. २०१८ पासून त्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, ज्यांना लिहितावाचता येत नव्हते.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे की उलटा प्रवास सुरू होण्याची शक्यता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने बहुशाखीय होऊन तीन हजार वा अधिक विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवावे असे म्हटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थांचे एकत्रीकरण किंवा समूह करण्याचे पर्याय दिले आहेत. तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांतील कितीतरी महाविद्यालये या तीन हजारांच्या जवळपासही जाणार नाहीत. प्रयोगशाळा नावापुरती, ग्रंथालय कुलुपात, शिक्षक तासिका तत्त्वावर, ही त्यांची स्थिती मी नाकारत नाही. एकत्रीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही.

परंतु त्यांच्या हिशेबात अंतर धरलेले नाही. सोनगीरहून धुळ्याला रोज जाऊन येणारी विद्यार्थिनी दिवसाला चाळीस किलोमीटर प्रवास करते. वर्षात दोनशे दिवस कॉलेज भरले तर आठ हजार, तीन वर्षांत चोवीस हजार किलोमीटर होतात. एस. टी. च्या पासात दोनतृतीयांश सवलत आहे. पण फाट्यावर उभे राहण्यात गेलेल्या वेळाला सवलत नाही. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण शुल्क राज्य सरकारने माफ केले, हे उत्तमच. तथापि साध्या अनुदानित बी. ए., बी. कॉम. मध्ये घराला जड होते ते शुल्क नव्हे, जाणेयेणे. आणि अंतर वीसचे पन्नास झाले की मुलाला खोली करून दिली जाते, मुलीचे स्थळ पाहिले जाते.

एकत्रीकरण करावयाचेच तर ते विद्यार्थ्यांचे न करता शिक्षकांचे करावे. मोठ्या, स्वायत्त महाविद्यालयांनी लहानांना गिळून बंद करण्याऐवजी त्यांना आपली दुसरी आवारे म्हणून चालवावे. एका प्राध्यापकाने आठवड्यातून दोन दिवस पन्नास किलोमीटर जाणे हे साठ मुलींनी सहा दिवस तेवढेच येण्यापेक्षा समाजाला कितीतरी स्वस्त पडते. आमच्या व्यवसायातील बंधूंना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. विज्ञानाची प्रात्यक्षिके महिन्यातून सलग चार दिवस मोठ्या आवारात घ्यावीत, आणि बाकीचे अध्यापन गावाजवळ राहू द्यावे. एखादे महाविद्यालय बंद करण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा पटसंख्येच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: पुढचे कॉलेज किती किलोमीटरवर आहे आणि सायंकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते. ही माहिती गोळा करायला समिती नेमावी लागणार नाही. प्रत्येक एस. टी. आगारात ती भिंतीवर लावलेली असते.