निपचित पडलेला मेंदू काय सांगतो?

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चौथ्या दिवशीही त्यांनी डोळे उघडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "उद्या चोवीस तास ईईजी लावू." मेंदूची विजेची तपासणी, एवढंच माझ्या कानांत राहिलं. मनात आलं, आता आईंना शॉक देणार! "नको हो, त्यांना आणखी त्रास नको," असं मी ह्यांना चक्क सांगून टाकलं. सहीचा कागद तासभर तसाच पडून राहिला.

तुमचीही अशी समजूत असेल, तर आधी ती काढून टाका. या तपासणीत बाहेरून वीज सोडत नाहीत. मेंदूतल्या पेशींचं काम सूक्ष्म विजेवर चालतं. डोक्याला चिकटवलेल्या वीसएक चकत्या ती वीज फक्त टिपून घेतात. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलपेक्षा ती हजारो पटींनी क्षीण असते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी नोंद प्रथम घेतली.

"स्कॅन झालाय ना, मग हे कशाला?" हा माझा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी समजावलं ते मला घरच्या भाषेत असं कळलं: घराची कोणती भिंत पडली ते स्कॅन दाखवतो, उरलेल्या खोल्यांत काय चाललंय ते ईईजी सांगतो. फिट म्हटली की हातपाय झाडणं आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण मोठ्या पक्षाघातानंतर बेशुद्ध माणसाला फिट येते, तेव्हा कधीकधी बोटसुद्धा हलत नाही. ती दिसते फक्त या नोंदीत. अर्ध्या तासाच्या तपासणीत ती निसटू शकते, म्हणून चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लक्ष ठेवतात.

आईंच्या नोंदीत त्याच रात्री अशा फिट्स सापडल्या आणि औषध सुरू झालं. मी तासभर अडवून ठेवलेली सही आठवून माझ्या पोटात गोळा आला.

तुमच्यावर अशी वेळ न येवो. पण आलीच तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. तपासणीआधी डोक्याला तेल लावू नका. मी मायेपोटी आदल्या संध्याकाळी आईंना खोबरेल चोपडलं होतं. चकत्या चिकटेनात, त्या तंत्रज्ञ मुलीला केस पुसत बसावं लागलं! नोंद चालू असताना वायरींना हात लावू नका, पेशंटला थोपटू नका. थोपटण्याच्या लहरीही नोंदीत उमटतात आणि घोटाळा होतो. डोळे एका बाजूला वळलेले दिसले, पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडला, तर घड्याळ पाहून लगेच नर्सला सांगा. आणि एक: झोपेच्या औषधांनीही लहरी मंदावतात, म्हणून एका कागदावरून आशा-निराशा ठरवू नका.

आता मनाला लागलेली गोष्ट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झालेल्या, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या १०४ जणांना "मूठ उघडा, मिटा" असं पुन्हापुन्हा सांगून ईईजी घेतला. हात कुणाचाच हलला नाही. पण १६ जणांच्या मेंदूने ते ऐकून प्रतिसाद दिल्याचं संगणकाने शोधून काढलं. वर्षभराने यांच्यापैकी बरेच जण, इतरांच्या मानाने, आपलं आपण करू लागले होते. अशी खास तपासणी सगळीकडे होत नाही, हे खरं.

हे मी वाचलं ते आई घरी आल्यावर. वाचताना आठवलं, पहिल्या तीन दिवसांत आम्ही सगळे त्यांच्या खाटेशी उभे राहून बोलत होतो: बिल किती होईल, पुढे त्यांना कुणाकडे ठेवायचं! आईंचा उजवा हात अजून नीट चालत नाही, बोलणंही तुटक. त्यांनी काय ऐकलं ते मी विचारलेलं नाही. धीर झाला नाही.

म्हणून सांगते, तसली बोलणी खोलीबाहेर करा. खाटेपाशी आपलं नाव सांगा, वार सांगा, नातवाने डबा खाल्ला का ते सांगा. ऐकत नसतील असं धरून चालू नका.