उन्हाची वाफ

१८७८ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापून आलं. लेखक विल्यम अ‍ॅडम्स, हायकोर्टातले उपनिबंधक. पुस्तकाचा विषय मात्र कोर्टकचेरीचा नव्हता. उष्ण देशांत लाकूड-कोळसा जाळण्याऐवजी ऊन कसं कामाला लावावं, हे त्यात सांगितलं होतं. साहेबांनी आधी कुलाब्यात ते करूनही पाहिलं होतं. साध्या सपाट आरशांच्या ओळी मांडून त्यांनी उन्हाचा झोत बॉयलरवर सोडला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. आठ बाजूंच्या सूर्यचुलीत जानेवारीच्या उन्हावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं.

‘सोलर’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर निळं-काळं पॅनेल येतं. शेतातला सौरपंप असो की रस्त्यावरचा दिवा, सगळा कारभार विजेचा. पण पुण्या-नाशकातल्या बिल्डिंगांत सकाळी ‘सोलरचं पाणी आलं का?’ असं विचारतात, तेव्हा विजेचा प्रश्नच नसतो. गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांत पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी त्याची जागा घेतं. पंप लागत नाही, मोटर लागत नाही.

अंघोळीला एवढं पुरतं. शेकडो पानांच्या पंगतीचा भात शिजवायचा तर वाफ हवी आणि वाफेसाठी ऊन एका जागी गोळा करायला हवं.

हे काम वोल्फगांग शेफलर यांच्या तबकडीनं सोपं केलं. त्यांची पहिली चालती तबकडी १९८६ साली केनियात उभी राहिली. साध्या गोल डिशची अडचण अशी, की ती सूर्यामागे वळली की तिचा केंद्रबिंदूही तिच्याबरोबर फिरतो. मग भांडं ठेवायचं कुठं? शेफलर यांनी भल्यामोठ्या कटोऱ्याच्या कडेचा तिरका काप काढावा तसा आरशाचा आकार घेतला. ही तबकडी पृथ्वीच्या आसाला समांतर अशा दांड्यावर तासाला १५ अंशांनी वळते. झोत मात्र दिवसभर एकाच जागी पडतो. ऋतूप्रमाणे सूर्य वर-खाली सरकतो, तेव्हा तबकडीचा कल बदलतात, आणि आकारही थोडासा वाकवून जुळवून घेतात. चौकट लोखंडी, वर आरशाचे तुकडे. चांगला वेल्डर असलेल्या वर्कशॉपला जमण्यासारखं काम.

भारतात अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या स्वयंपाकघरात १९९८ साली अशा ८४ तबकड्या बसल्या. २००९ मध्ये शिर्डीच्या साईबाबा प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ बसल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या. दिवसाला साधारण साडेतीन हजार किलो वाफ, असा हा आराखडा होता. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आणि त्यातला मोठा वाटा केंद्राच्या अनुदानाचा. झोत पडतो तिथल्या पाण्याची वाफ होते, ती नळातून खाली स्वयंपाकघरात उतरते आणि भात-डाळ शिजवते. जुना बॉयलर काढून टाकला नव्हता. ऊन कमी पडलं की उरलेली वाफ त्यानं द्यायची, अशी जोडणी होती. म्हणूनच ढगाळ दिवशीही पंगत अडण्याचं कारण नव्हतं.

कारखान्यासाठी याहून थोरली तबकडी मुंबईत घडली. आयआयटीचे शिरीष केदारे यांच्या संशोधनातून ‘अरुण’ जन्माला आली. एकच डिश, आरशांचं क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मीटर, एकाच खांबावर तोललेली आणि सूर्यामागे दोन्ही दिशांनी वळणारी. लातूरच्या महानंद डेअरीत तिच्या उष्णतेवर दुधाचं पाश्चरायझेशन झालं. त्या कामाला दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद धरावं लागतं. एवढ्यासाठी डेअऱ्या एरवी फर्नेस ऑइल जाळतात. सूतगिरण्या, रंगाईचे कारखाने, औषधांचे कारखाने यांना लागणारी बरीचशी उष्णताही दोनशे अंशांच्या आतलीच असते.

मग अशा तबकड्या जागोजागी का दिसत नाहीत? पहिलं कारण आपलं आभाळ. आरशाला थेट, कोरडं ऊन लागतं. ढगातून झिरपणारा उजेड त्याला एका जागी आणता येत नाही. पॅनेल मात्र तेवढ्या उजेडावरही थोडीफार वीज देतं. दुसरं कारण धूळ. आरसा मळला की झोत विखुरतो आणि वाफ घटते, म्हणून फडकं घेऊन कुणीतरी नेमानं गच्चीवर चढायला हवं. शिवाय संध्याकाळी प्रत्येक तबकडी पुन्हा पूर्वेकडे वळवून ठेवावी लागते. तिसरं कारण बाजाराचं. गेल्या पंधरा वर्षांत पॅनेल इतकी स्वस्त झाली, की हिशेब फिरला.

तरीही उष्णतेपुरतं आरशाचं पारडं जड आहे. पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करतं. चांगल्या उन्हात तबकडी साधारण त्याच्या दुपटीएवढी ऊर्जा वाफेच्या रूपात देते. गच्ची लहान आणि वाफेची गरज मोठी असेल, तिथं हा फरक मोलाचा ठरतो.

तेव्हा वसतिगृह, मंदिर, डेअरी किंवा रंगाईचा कारखाना चालवणाऱ्यांनी दरपत्रक मागवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: रोज किती अंशांची उष्णता लागते, गच्चीवर दिवसभर सावली कुठं पडते आणि आरसे पुसायला माणूस कोण. पहिल्याचं उत्तर ऐंशीच्या आत असेल तर पाणी तापवणाऱ्या नळ्याच पुरे. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर तबकडीच्या वाटेला जाऊ नये.